विश्वास गमावलेले मूल आणि मर्यादांची आखणी

प्रत्येक शाळेत एखादे तरी मूल असे असते की, ज्याचे नाव निघताच शिक्षक सुस्कारा टाकतात आणि घरी आईबापांच्या कपाळाला आठी पडते. सांगितलेले ऐकत नाही, खोटे बोलते, घरातील वस्तू नाहीशा करते, विचारले असता उलट उत्तर देते, अशा त्याच्याविषयीच्या तक्रारी असतात. पालक शाळेत येतात तेव्हा बहुधा दोहोंपैकी एक वाक्य बोलतात : ‘गुरुजी, याला चांगला धाक लावा’, किंवा ‘आता याची आशाच आम्ही सोडली’. पहिल्या वाक्यात राग आहे, दुसऱ्यात हताशपणा आहे. दोहोंच्या मुळाशी मात्र गोष्ट एकच आहे. त्या घरात मुलाच्या शब्दावरचा विश्वास उरलेला नाही.

अशा मुलाला मर्यादा कशा घालाव्यात आणि ढळलेला विश्वास पुन्हा कसा उभा करावा, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. या दोन गोष्टी सामान्यतः वेगळ्या समजल्या जातात. आधी मुलाने सुधारावे, मग त्याच्यावर विश्वास ठेवू, असे पालक म्हणतात. परंतु ज्याच्यावर कोणी काहीच सोपवत नाही, त्याने आपण सुधारलो हे दाखवावे तरी कसे? म्हणून मर्यादा आणि विश्वास यांची आखणी एकाच वेळी करावी लागते, हे या पाठाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. एक उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण कल्पू. मराठवाड्यातील एका खेड्यात सहावीत शिकणारा मुलगा आहे. त्याचे आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर ऊसतोडणीस जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. तोवर मुलगा आजीजवळ राहतो. डिसेंबरात एके दिवशी आजीच्या डब्यातील तीनशे रुपये नाहीसे झाले. मुलाने प्रथम कानांवर हात ठेवले, मग शेजारच्या मुलीचे नाव घेतले. अखेर दुकानदाराच्या सांगण्यावरून उघड झाले की, मोठ्या मुलांच्या संगतीने त्याने ते पैसे मोबाइलच्या रिचार्जवर व खाण्यावर उडवले होते.

आजीने पेटीची किल्ली कमरेला बांधली. रोज संध्याकाळी ती त्याचे दप्तर उलटे करून पाहू लागली. वडिलांनी दूरध्वनीवर शिव्या दिल्या व ‘आलो की बघतो’ असे बजावले. आई रडली. आजी शाळेत येऊन म्हणाली, “गुरुजी, ह्या पोराचा काडीचा भरवसा राहिला न्हाई. त्याचा बाप म्हणतोय, पुढल्या साली शाळा बंद करून कोयत्यावर नेतो.” त्या एका वाक्यात मुलाच्या साऱ्या भवितव्याचा निकाल होता.

जानेवारीच्या आरंभी शाळेतील चेंडू सापडेना. वर्गातील सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. शिक्षकांनीही सर्वांआधी त्यालाच विचारले. दोन दिवसांनी चेंडू छपराच्या पन्हळीत अडकलेला आढळला. दरम्यान मुलगा शाळेत यायचा थांबला होता. आजीने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “मी चोरच हाय ना? मग जाऊन काय करू?”

२. विश्वास कसा नाहीसा होतो

या उदाहरणात मुलाने केलेला अपराध खरा आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु अपराधानंतर जे घडले ते पाहण्यासारखे आहे. तीनशे रुपये घेणे ही एक कृती होती. ‘चोर’ हे मात्र नाव झाले. कृतीची भरपाई होऊ शकते, नाव अंगाला चिकटून राहते. घर, वर्ग आणि गाव या सर्वांनी एकच नाव दिले की, मूल ते आपले म्हणून स्वीकारते आणि त्याप्रमाणे वागू लागते. चेंडूच्या प्रसंगी तो निर्दोष होता, तरी निर्दोष असण्याचा त्याला काही उपयोग झाला नाही. खरे वागूनही आळ येणारच असेल, तर खरे वागण्याचे प्रयोजन काय, असा हिशेब मूल मनात मांडते.

दुसरी गोष्ट खोटे बोलण्याची. मुले खोटे बोलतात ती बहुधा शिक्षेच्या भीतीने. जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मुलांच्या नैतिक निर्णयांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखविले की, लहान मूल अपराधाचे मोजमाप हेतूवरून न करता नुकसानीच्या आकारावरून करते. हेतूचा विचार वयाबरोबर व बरोबरीच्या मुलांत वावरताना वाढतो. २०११ साली व्हिक्टोरिया तलवार व कांग ली या संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांतील तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत छडीचा मार नित्याचा होता, दुसऱ्या शाळेत नव्हता. पाठीमागे ठेवलेले खेळणे वळून पाहू नये, असे सांगून मुलांना काही वेळ एकटे ठेवण्यात आले. दोन्ही शाळांतील बहुतेक मुलांनी वळून पाहिले. परंतु मार देणाऱ्या शाळेतील मुले अधिक प्रमाणात खोटे बोलली आणि ते खोटे अधिक सफाईने निभावून नेले. धाकाने खोटेपणा जात नाही. धाक त्याला धार लावतो, असा याचा अर्थ.

तिसरी गोष्ट बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. विश्वास एकाच बाजूने ढळत नाही. निघताना वडिलांनी ‘दर रविवारी फोन करीन’ असे सांगितले होते. पहाटेपासून तोडणी, रात्री गाडी भरणे, मोबाइल चार्ज करण्याची पंचाईत, यांमुळे ते पहिल्या महिन्यानंतर जमले नाही. ‘संक्रांतीला येऊन जाईन’ हेही राहिले. वडिलांचा यात दोष नव्हता, त्यांची परिस्थितीच तशी होती. परंतु मुलाला परिस्थिती दिसत नाही, मोडलेला शब्द तेवढा दिसतो. आईबापांचा मुलावरील विश्वास आणि मुलाचा आईबापांवरील विश्वास ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. एक टोक सुटले की दुसरे आपोआप सैल पडते.

३. मर्यादा म्हणजे काय, आणि काय नव्हे

पाच वर्षे लाड, पुढील दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मित्रत्व, अशी जुनी सुभाषितकारांची शिकवण आपल्याकडे परिचित आहे. तिच्यातील ‘ताडन’ तेवढे अनेकांनी उचलले. लाड आणि मित्रत्व बाजूला राहिले. आज कायद्यानेही हा मार्ग बंद केला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ अन्वये कोणत्याही बालकास शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. कलम १६ अन्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही. ‘मानसिक छळ’ या शब्दांकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. भरवर्गात ‘चोर’ म्हणणे हे छडीहून सौम्य नव्हे.

तथापि मार बंद म्हणजे मर्यादा बंद, असा अर्थ काही ठिकाणी केला जातो, तोही चुकीचा होय. डायना बाउमरिंड या अमेरिकन संशोधिकेने १९६६ साली पालकत्वाचे तीन प्रकार वर्णिले. पहिला प्रकार हुकमती पालकांचा. ते आज्ञा करतात, कारण सांगत नाहीत. दुसरा मोकळीक देणाऱ्या पालकांचा. ते प्रेम करतात, पण मागणी काहीच करीत नाहीत. तिसऱ्या प्रकारचे पालक मायेने वागतात, कारण समजावून सांगतात आणि तरीही ठरलेल्या गोष्टीवर ठाम राहतात. मुलांची आत्मनिर्भरता व आत्मसंयमन या तिसऱ्या प्रकारच्या घरांत अधिक चांगले आढळले.

शेताच्या बांधाचे उदाहरण येथे घेता येईल. बांध शेताला कोंडून ठेवण्यासाठी नसतो. पावसाचे पाणी वाहून जाऊ नये, माती धुपू नये आणि आपले कोठवर ते कळावे, यासाठी तो असतो. रोज जागा बदलणाऱ्या बांधाचा कोणाला उपयोग नाही. तसेच मर्यादेचे आहे. ती स्थिर असली की मूल तिच्या आत निर्धास्तपणे वावरते.

शिक्षा आणि मर्यादा यांतील भेद थोडक्यात असा सांगता येईल. शिक्षा अपराध घडल्यावर, बहुधा रागाच्या भरात ठरते. मर्यादा आधी, शांतपणे ठरते. शिक्षा मुलाला वेदना देते. मर्यादा त्याला जबाबदारी देते. शिक्षा भोगली की मूल मोकळे होते आणि नुकसान तसेच राहते. मर्यादेत नुकसान भरून देणे हाच मुख्य भाग असतो.

४. मर्यादा घालण्याची रीत

पहिला नियम असा की, मर्यादा थोड्या असाव्यात. ज्या मुलावरचा विश्वास गेला आहे, त्याला घरचे लोक दिवसभरात पन्नास गोष्टींची मनाई करतात. पन्नास मनाया कोणालाच पाळता येत नाहीत, आणि मोडलेल्या प्रत्येक मनाईने अविश्वास वाढतो. म्हणून तीनच गोष्टी निवडाव्यात. उदाहरणातील मुलासाठी त्या अशा ठरल्या : शाळा बुडवायची नाही, दिवेलागणीच्या आत घरी यायचे, आणि घरातील पैसे विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. केस विंचरणे, ताटात भाजी टाकणे, धाकट्यांशी भांडणे या गोष्टी तूर्त सोडून दिल्या. त्या महत्त्वाच्या नाहीत असे नव्हे, परंतु त्यांची पाळी नंतर येईल.

दुसरा नियम असा की, मर्यादा मुलाला बरोबर घेऊन ठरवाव्यात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला नियमाचे कारण कळते. ‘दिवेलागणी’ म्हणजे नेमके केव्हा, मित्राकडे थांबायचे असल्यास आजीला कोणी कळवायचे, हे त्यालाच विचारावे. जो नियम ठरवताना आपले म्हणणे कोणी ऐकले, तो नियम मोडताना मूल एकदा तरी थांबते.

तिसरा नियम सातत्याचा. फर्स्टर व स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांचे एक फलित शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या वर्तनाला कधी फळ मिळते व कधी मिळत नाही, ते वर्तन सुटण्यास अधिक कठीण जाते. मुलाने हट्ट धरला, आजीने चार वेळा नाही म्हटले आणि पाचव्या वेळी कंटाळून हो म्हटले, तर मूल एवढेच शिकते की हट्ट पाचव्या खेपेपर्यंत टिकवावा. म्हणून जे निभावता येईल तेवढेच ठरवावे आणि ठरवले ते निभावावे. आणखी एक गोष्ट पालकांना आधीच सांगून ठेवावी. मर्यादा नव्याने पाळल्या जाऊ लागल्या की पहिले काही दिवस मुलाचे वर्तन अधिकच बिघडते. बांध खरोखर पक्का आहे की नाही, हे ते धक्का देऊन पाहते. याच वेळी बहुतेक घरे माघार घेतात.

चौथा नियम आवाजाचा. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन संशोधकाने १९८२ साली कुटुंबांतील अशा झगड्यांचा अभ्यास मांडला. पालक रागावतात, मूल उलट बोलते, पालक अधिक ओरडतात, मूल आदळआपट करते आणि शेवटी कोणीतरी हार खातो. पालक हरले तर मूल आदळआपट करण्यास शिकते. मूल हरले तर पालक ओरडण्यास शिकतात. असे चक्र रोज फिरू लागले की घरात दुसरी भाषा उरत नाही. हे चक्र मोठ्यांनीच थांबवावयाचे असते, कारण मुलाच्या अंगी ते बळ अजून आलेले नसते. नियम मोडल्यावर कमीत कमी शब्दांत, खालच्या स्वरात, ठरलेले तेवढे सांगावे. व्याख्यान देऊ नये, जुने अपराध उकरू नयेत, ‘तू नेहमीच असा’ हे वाक्य तर कधीही उच्चारू नये.

पाचवा नियम परिणामाचा. पियाजेने शिक्षेचे दोन प्रकार मानले. एकात अपराधाचा शिक्षेशी काही संबंध नसतो, केवळ यातना भोगायच्या असतात. दुसऱ्यात परिणाम अपराधातूनच निघतो. उपाशी ठेवणे हा पहिला प्रकार, घेतलेले पैसे फेडणे हा दुसरा. फेडीविषयी मात्र विवेक हवा. या मुलाला आठवडी बाजारच्या दिवशी खाऊसाठी वीस रुपये मिळत. त्यांतून दर आठवड्याला दहा रुपये कापून तीनशे फेडायचे तर तीस आठवडे लागले असते. ज्या फेडीचा शेवट दिसत नाही, ती फेड मुलाला सुधारत नाही, खचवते. म्हणून दहा आठवडे दहा रुपये, असे शंभर पैशांत, आणि उरलेले तेच दहा आठवडे आजीला पाणी भरून देऊन व शेळ्यांना पाला आणून, असे ठरले. दहाव्या आठवड्यानंतर त्या तीनशे रुपयांचा उच्चार घरात कोणी करायचा नाही, हेही ठरले. फेडलेले कर्ज पुन्हा मागता येत नाही, हा व्यवहाराचा नियम मुलालाही लागू असावा.

५. विश्वास परत देण्याची रीत

मर्यादांनी अर्धेच काम होते. उरलेले अर्धे काम विश्वासाने करावयाचे असते.

युक्रेनमधील पोल्टाव्हाजवळ १९२० साली आंतोन माकारेंको या शिक्षकाने निराधार व गुन्हेगार मुलांची वसाहत चालवावयास घेतली. तिला पुढे माक्सिम गोर्की यांचे नाव मिळाले. तेथील अनुभवांवर त्यांनी लिहिलेल्या ग्रंथात एक प्रसंग आहे. पूर्वी चोऱ्या केलेल्या एका तरुणाला ते शहरातून पाचशे रूबल आणण्यास एकट्याला पाठवतात. तो रक्कम घेऊन येतो आणि मोजून घ्या म्हणतो. माकारेंको न मोजता ती ठेवून देतात. काही दिवसांनी ते त्याच तरुणाला दोन हजार रूबल आणण्यास पाठवतात. त्या तरुणाच्या मनात जी खळबळ उडते, तिचे वर्णन या ग्रंथातील अत्यंत हृद्य भागांपैकी एक होय. मुलाविषयी आदर जितका अधिक, तितकी त्याच्याकडून अपेक्षाही अधिक, असे माकारेंकोंच्या विचाराचे सार सांगता येते.

सहावीतील मुलाच्या हाती एकदम मोठी रक्कम द्यावी, असा या प्रसंगाचा बोध घेऊ नये. माकारेंको त्या तरुणाला चांगले ओळखत होते. सामान्य घराने लहान पायऱ्यांनी चढावे हे श्रेयस्कर. पहिल्या आठवड्यात वीस रुपये देऊन दुकानातून साखर आणण्यास सांगावे. पुढे पन्नास रुपये देऊन गिरणीवर दळणास पाठवावे. त्यानंतर शंभर. प्रत्येक पायरी अशी असावी की, ती चुकली तरी घराचे मोठे नुकसान होणार नाही, आणि साधली तर मुलाला आपण काही सांभाळले असे वाटेल. परत आलेले सुटे पैसे मोजावेत, पण संशयाने मोजू नयेत. ‘बरोबर आहेत, डब्यात ठेव’ एवढे म्हणावे. डब्यात ठेवण्याचे काम त्याच्याच हातून व्हावे, यात पुष्कळ काही आहे.

दप्तर उलटे करणे मात्र पहिल्या दिवसापासून बंद करावे. जो रोज झडती घेतो तो विश्वास ठेवत नाही, हे मुलाला पक्के कळते. मोह दूर ठेवणे आणि झडती घेणे यांत फरक आहे. पेटीला कुलूप असावे, ते सर्वांसाठी असते. झडती एकट्याची असते.

याबरोबरच मोठ्यांनीही आपल्यावर एक मर्यादा घालून घ्यावी. वडिलांनी ‘दर रविवारी’ असे मोघम न म्हणता, जे खरोखर जमेल तेच कबूल करावे. या उदाहरणात वडिलांनी पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी रात्री आठ वाजता बोलण्याचे कबूल केले. पहिल्या बोलण्यात अपराधाचा विषय काढायचा नाही, असे शिक्षकांनी त्यांना विनविले. वडील प्रथम गप्पच राहिले. मग त्यांनी शेळीला पिल्ले किती झाली ते विचारले. मुलगा बराच वेळ शेळीविषयी बोलत होता.

६. शिक्षकाचे काम

या साऱ्याची सुरुवात कोठून झाली हे सांगणे अवश्य आहे. चेंडू सापडल्यावर शिक्षक आजीच्या घरी गेले व मुलाला शाळेत घेऊन आले. वर्गात त्यांनी सर्वांसमोर सांगितले की, चेंडू पन्हळीत होता, विचारपूस करताना त्यांनी एकाच मुलावर संशय घेतला आणि ती त्यांची चूक झाली. भाषण एवढेच होते. शिक्षकाने चूक कबूल केल्याने त्याचा मान कमी होतो, अशी भीती अनेकांना वाटते. वस्तुतः चूक कशी कबूल करावी याचा पाठ त्या वर्गाला त्या दिवशी मिळाला. जानेवारीच्या अखेरीस आजी, मुलगा आणि शिक्षक यांनी एकत्र बसून वरील तीन मर्यादा ठरविल्या, त्या सर्वांनी मान्य केल्या, याचे कारण तो दिवस होय.

तिसऱ्या आठवड्यात मुलगा घसरला. दळणाच्या पैशांतून उरलेले दहा रुपये त्याने परत दिले नाहीत आणि ‘सांडले’ असे सांगितले. आजी शाळेत आली. “म्या म्हनलं नव्हतं का?” असे तिचे शब्द होते. हा क्षण अशा प्रत्येक प्रयत्नात येतो आणि तोच निर्णायक असतो. येथे दोन चुका संभवतात. एक, सारे व्यर्थ म्हणून सोडून देणे. दुसरी, दया येऊन डोळेझाक करणे. शिक्षकांनी आजीला तिसरी वाट सुचविली. दहा रुपये फेडीत वाढवावेत, एक पायरी खाली उतरावे, एक आठवडा पुन्हा वीस रुपयांचाच व्यवहार द्यावा आणि त्यानंतर पुन्हा पन्नासावर यावे. अगदी तळाशी मात्र नेऊ नये. शिडीवरून एक पायरी घसरलेल्याला कोणी घराबाहेर काढीत नाही.

चौथ्या दिवशी मुलगा आपण होऊन आजीला म्हणाला, “सांडले नव्हते, खाल्ले.” आजीने ठरल्याप्रमाणे आवाज चढविला नाही. ती म्हणाली, “बरं केलंस सांगितलंस. दहा रुपये मात्र फेडायचे.” खरे बोलल्याने फेड चुकत नाही, परंतु खरे बोलल्याने माणूस जवळ येतो, ही दोन्ही टोके त्या एका वाक्यात सांभाळली गेली.

मार्चच्या अखेरीस आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. तिला बाजारच्या गावी जाणे झेपेना. शेजारी त्या दिवशी तिकडे जाणार होता, त्याच्याबरोबर तिने मुलाला दोनशे रुपये देऊन पाठविले. संध्याकाळी तो दिवेलागणीच्या आत परतला. गोळ्या आजीच्या हाती दिल्या, आणि दुकानाच्या पावतीत सुटे पैसे गुंडाळून ती पुडी त्याने आपण होऊन डब्यात ठेवली. आजीने काही म्हटले नाही. रविवारी रात्री वडिलांनी “पोरगं कसं हाय?” म्हणून विचारले तेव्हा तिने गोळ्यांची हकीकत सांगितली. कोयत्यावर नेण्याचा विषय वडिलांनी त्या दिवशी काढला नाही. तो विषय संपला असे नव्हे. परंतु आता त्याविषयी बोलताना मुलाच्या बाजूने सांगण्यासारखे घरात काहीतरी होते.

७. शिक्षकाच्या आवाक्याबाहेरील प्रसंग

सर्वच मुलांची अडचण अशा आखणीने सुटत नाही. मुलाचे वर्तन अचानक पालटले, ते घरी जाण्यास भिऊ लागले, अंगावर माराच्या खुणा आढळल्या, ते स्वतःला इजा करू लागले किंवा व्यसनाची चिन्हे दिसली, तर तो केवळ शिस्तीचा प्रश्न नसतो. कित्येकदा ज्याला हट्टी म्हटले जाते त्या मुलाला ऐकू कमी येत असते किंवा वाचण्यात खरी अडचण असते. अशा वेळी मुख्याध्यापकांना कळवून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. बालकाच्या सुरक्षिततेविषयी शंका आल्यास १०९८ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मदत मागता येते. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गावात पसरू न देणे, हे शिक्षकाचे त्यातील पहिले कर्तव्य होय.

८. उपसंहार

मर्यादा घालणारा आणि विश्वास ठेवणारा माणूस एकच असला पाहिजे. एकाने धाक दाखवावा व दुसऱ्याने पाठीशी घालावे, ही घराघरांतील विभागणी मुलाला दोघांपासूनही दूर नेते. थोड्या मर्यादा, स्पष्ट शब्द, शांत स्वर, फेडीचा दिसणारा शेवट आणि लहान पायऱ्यांनी परत दिलेला विश्वास, एवढी सामग्री प्रत्येक घरी आहे. तिला पैसा लागत नाही. लागते ती मोठ्यांची चिकाटी. मूल आपला शब्द पाळावयास शिकते ते मोठ्यांनी पाळलेल्या शब्दांकडे पाहून, हे शिक्षक व पालक या दोघांनीही विसरू नये.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाला नकळत कोणते नाव चिकटले आहे? ते कोणी दिले व ते पुसण्यासाठी शिक्षकास काय करता येईल?

२. अशा एका मुलासाठी तीनच मर्यादा निवडावयाच्या झाल्यास आपण कोणत्या निवडाल? कोणत्या गोष्टी तूर्त सोडून द्याल?

३. आपल्या शाळेत सध्या दिल्या जाणाऱ्या शिक्षांपैकी अपराधाशी संबंध असलेल्या कोणत्या व नसलेल्या कोणत्या? त्यांची यादी करा.

४. उदाहरणातील मुलगा तिसऱ्या आठवड्यात घसरला तेव्हा आजीला आणखी कोणत्या रीतीने समजावता आले असते?

५. स्थलांतरित पालकांनी मुलांशी ठराविक वेळी बोलावे यासाठी शाळा व्यवस्थापन समितीस कोणती व्यवस्था करता येईल?